बेडीतले स्वातंत्र्य आणि बेडीचे समर्थन

पनवेल तालुक्याचा आणि कारागृहाचा संबंध जुना आहे. या तालुक्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके १८८३ साली एडनच्या तुरुंगात मरण पावले. आज त्याच तालुक्यात, खारघरच्या वसाहतीपासून जवळच, तळोजा मध्यवर्ती कारागृह उभे आहे. ऑक्टोबर २०२० ते मे २०२१ असे सुमारे आठ महिने फादर स्टॅन स्वामी हे वयोवृद्ध जेझुइट धर्मगुरू तेथे बंदिवान होते. ५ जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. तुरुंगातून आपल्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले होते की, पिंजऱ्यात कोंडलेला पक्षीही गाऊ शकतो. त्यांच्या मृत्यूनंतर हा विचार सभासंमेलनांतून, फलकांवरून आणि आपल्या कार्यकर्त्यांच्या भाषणांतून सर्वत्र फिरला. तो हृद्य आहे यात शंका नाही. परंतु अशी हृद्य वाक्ये फार लवकर निरुपद्रवी होतात. पिंजऱ्यातला पक्षी गातो आहे हे ऐकून पक्ष्याचे चाहते गहिवरतात. पिंजऱ्याच्या मालकालाही त्यात आक्षेपार्ह असे काही वाटत नाही.

म्हणून या वाक्यामागे जी स्वातंत्र्याची कल्पना आहे, ती नीट तपासून पाहणे अगत्याचे आहे. ती कल्पना ख्रिस्ती आहे. आपल्या चळवळीतील पुष्कळांना धर्माच्या भाषेचे वावडे असते. 'आत्मिक स्वातंत्र्य' हा शब्द कानी पडताच, येथे पोटाचा आणि पट्ट्याचा प्रश्न टाळला जात आहे असा त्यांना संशय येतो. हा संशय निराधार नाही. त्याला चांगला चारशे-पाचशे वर्षांचा आधार आहे, आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे. पण आधी मूळ कल्पना काय आहे ते पाहू.

ख्रिस्ती विचारात स्वातंत्र्य म्हणजे मनाला येईल ते निवडण्याची मुभा नव्हे. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टिनने निवड करण्याची शक्ती आणि खरे स्वातंत्र्य यांत भेद केला. निवड करण्याची शक्ती दारुड्यालाही असते आणि सावकारालाही असते. परंतु एक बाटलीचा बंदा असतो, दुसरा थैलीचा. भय, लोभ आणि अहंता यांच्या तावडीतून जो सुटला, ज्याला चांगले करण्यापासून कोणतीही धमकी वा लालूच परावृत्त करू शकत नाही, तो स्वतंत्र. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात याच्या पुढचे पाऊल टाकले आहे. तुम्हांला स्वातंत्र्यासाठी बोलावले आहे, असे तो सांगतो आणि लगेच बजावतो की, या स्वातंत्र्याचा उपयोग स्वतःच्या चैनीसाठी न करता प्रेमाने एकमेकांचे दास होण्यासाठी करा. स्वतंत्र होणे म्हणजे कोणाच्याही उपयोगी न पडता एकटे उभे राहणे, अशी जी आजच्या बाजारी संस्कृतीची समजूत आहे, तिच्या अगदी उलट टोकाची ही कल्पना आहे. बाजार सांगतो, ज्याला कोणाची गरज नाही तो मोकळा. पौल सांगतो, जो दुसऱ्याची गरज आपली मानू शकतो तो मोकळा.

येथवर सारे 'आतले' आहे असे वाटेल. पण ज्या शब्दांतून ही कल्पना घडली ते शब्द आतले नाहीत. आपण मराठीत 'मुक्ती' वा 'उद्धार' म्हणतो, तेथे मूळ ग्रीक ग्रंथात येणारा शब्द गुलामाला किंवा युद्धकैद्याला मोबदला भरून सोडविण्याच्या व्यवहारातून आलेला आहे. त्यामागे मिसर देशातून वेठबिगारांची एक जमात बाहेर पडल्याची ज्यू लोकांची आठवण आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशू आपल्या गावच्या सभास्थानात पहिल्यांदा वाचायला उभा राहतो, तेव्हा तो यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातला उतारा निवडतो. त्यात दरिद्र्यांना सुवार्ता आहे आणि बंदिवानांना सुटकेची घोषणा आहे. पुढे गावकरी त्याला कड्यावरून लोटायला निघतात. केवळ आत्म्याच्या गोष्टी सांगणाऱ्याला सहसा कोणी कड्यावरून लोटत नाही.

सर्वांत बोलकी कथा मात्र 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात आहे. फिलिप्पै नगरात पौल आणि सीला यांना फटके मारून तुरुंगात टाकले जाते आणि त्यांचे पाय खोड्यात अडकविले जातात. मध्यरात्री ते दोघे गाऊ लागतात आणि इतर कैदी ऐकत राहतात. मग भूकंप होतो, दारे उघडतात. पण ते पळून जात नाहीत. प्रवचनकार बहुधा येथे थांबतात. पण कथा थांबत नाही. सकाळी नगराचे अधिकारी शिपायांकरवी निरोप धाडतात की, त्या माणसांना सोडून द्या. यावर पौल काय करतो? तो जायला नकार देतो. आम्ही रोमन नागरिक आहोत, चौकशी न करता आम्हांला चारचौघांत फटके मारले आणि आता गुपचूप घालवून देता काय, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे तो बजावतो. अधिकाऱ्यांना धाक बसतो आणि त्यांना यावे लागते.

मध्यरात्रीचे गाणे आणि सकाळची कायदेशीर हक्काची मागणी या एकाच माणसाच्या, एकाच कथेतील दोन कृती आहेत. माझ्या मते ख्रिस्ती स्वातंत्र्यकल्पनेचे सारे मर्म या जोडीत आहे. ज्याला गाणे जमले त्याला तुरुंगाचे भय उरले नाही. आणि भय उरले नाही म्हणूनच तो सुटकेसाठी लाचार न होता सत्तेला जाब विचारू शकला. इतिहासात अनर्थ झाला तो ही जोडी फोडल्यामुळे.

फोडली कोणी? प्रथम नाव घ्यावे लागेल ते मार्टिन ल्यूथरचे. १५२० साली त्याने ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर जी पुस्तिका लिहिली, तिचे म्हणणे असे की, श्रद्धेमुळे ख्रिस्ती माणूस सर्वांचा स्वामी होतो, कोणाचाही अंकित राहत नाही. आणि प्रेमामुळे तोच सर्वांचा सेवक होतो. पोपच्या सत्तेला हादरा देणारा हा विचार जर्मन कुळांच्या कानी गेला. १५२५ साली मेमिंगेन येथे शेतकऱ्यांनी आपल्या बारा मागण्या मांडल्या. त्यांत त्यांनी विचारले की, ख्रिस्ताने आम्हां सर्वांना सोडविले असेल तर आम्ही जमीनदारांचे भूदास कसे? प्रश्न बिनतोड होता. ल्यूथरने उत्तर दिले की, ख्रिस्ताने दिलेले स्वातंत्र्य आत्म्याचे आहे, त्याला देहाच्या बाबतीत लागू करू नका. आणि बंड भडकल्यावर त्याने राजेरजवाड्यांना शेतकऱ्यांचे शिरकाण करण्यास सांगितले. त्या वर्षी हजारो शेतकरी मारले गेले. पुढे अमेरिकेतील मळेवाल्यांनी हेच तर्कट गुलामगिरीसाठी वापरले. पौलाने तुरुंगातून फिलेमोनाला लिहिलेले लहानसे पत्र त्यांच्या फार कामी आले, कारण त्यात पौल एका गुलामाला मालकाकडे परत पाठवितो. मात्र त्याला गुलाम म्हणून नव्हे, भाऊ म्हणून स्वीकार, हा पत्रातील आग्रह मळेवाल्यांनी सोयीस्करपणे गाळला, आणि गुलामगिरीच्या विरोधकांनी नेमका तोच उचलून धरला.

आपल्याकडे ही फोडलेली जोडी पुन्हा जुळविण्याचे काम एका मराठी स्त्रीने केले. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा पुण्याच्या सनातन्यांनी आकांडतांडव केले आणि जोतीरावांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली, हे आपल्याला ठाऊक असते. त्यानंतरचे प्रकरण मात्र फारसे सांगितले जात नाही. ज्या मठवासिनींच्या आश्रयाला रमाबाई राहिल्या, त्यांनी त्यांच्याकडून धर्माधिकाऱ्यांच्या अधिकाराचा आणि मतांचा निमूट स्वीकार अपेक्षिला. १८८५ साली रमाबाईंनी त्यांना कळविले की, भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या प्रयासाने मानेवरून उतरविले आहे, तसलेच दुसरे जोखड घेण्याची माझी तयारी नाही. ही नवख्या धर्मांतरिताची उद्धटाई नव्हती. ख्रिस्ताकडे वळण्याचे कारण स्वातंत्र्य असेल तर ख्रिस्ताच्या नावाने आलेली गुलामीही नाकारली पाहिजे, हा त्यातला सरळ तर्क होता. पुढे दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलीबायकांना त्यांनी केडगावला आणले आणि संस्थेला नाव दिले 'मुक्ती'. त्या मुक्तीत प्रार्थना होती, तसाच छापखाना होता, विणकाम होते, शेती होती. विधवेला स्वतःच्या हाताने कमावता आले नाही तर तिच्या आत्म्याच्या मुक्तीची गोष्ट अपुरी राहते, हे त्या जाणून होत्या. त्यांच्या धर्मप्रचाराबद्दल आपले मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण मुक्ती या शब्दाचा एवढा ठोस अर्थ मराठीत फार थोड्यांनी लावला.

स्टॅन स्वामी याच परंपरेतले. १९३७ साली तमिळनाडूत तिरुचिरापल्ली येथे जन्मलेला हा मनुष्य जेझुइट झाला. १९७४-७५ मध्ये रोममध्ये भरलेल्या जेझुइटांच्या महासभेने श्रद्धेची सेवा आणि न्यायाची प्रस्थापना ही दोन कामे वेगळी करता येत नाहीत असा ठराव केला. १९७५ पासून १९८६ पर्यंत स्टॅन स्वामी बंगळूरच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचे संचालक होते. म्हणजे हा ठराव शब्दशः अंगी बाणविण्याचाच तो काळ. पुढे झारखंडात त्यांनी आदिवासींच्या जमिनीचा, पाचव्या अनुसूचीचा, १९९६ च्या पेसा कायद्याचा प्रश्न हाती घेतला आणि रांचीजवळ 'बगईचा' हे केंद्र उभारले. नक्षलवादी असल्याच्या आरोपाखाली कोंडलेल्या आदिवासी तरुणांचा त्यांनी अभ्यास केला आणि या कच्च्या कैद्यांचे खटले लवकर निकालात काढावेत म्हणून उच्च न्यायालयात दाद मागितली. बंदिवानांना सुटकेची घोषणा करणारा नासरेथचा तो उतारा त्यांनी वेदीवरून वाचण्यापुरता ठेवला नाही, एवढाच याचा अर्थ. ८ ऑक्टोबर २०२० रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक केली. भीमा-कोरेगावला आपण कधी गेलोही नाही, असे त्यांनी अटकेपूर्वीच सांगितले होते. माओवादी संघटनेशी संबंध असल्याचा आरोप त्यांनी नाकारला. तो आरोप खटल्याच्या कसोटीला कधीच लागला नाही. त्यांच्या संगणकात कागदपत्रे बाहेरून घुसविली गेली होती, असा निष्कर्ष एका अमेरिकन तज्ज्ञ संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. पण तोवर आरोपी ऐकायला उरला नव्हता.

तळोज्यातील त्यांच्या दिवसांची हकीगत त्यांच्याच पत्रांतून कळते. कंपवातामुळे पेला हातात धरवत नसे. अरुण फरेरा त्यांना न्याहारीच्या आणि जेवणाच्या वेळी मदत करीत, व्हर्नन गोन्साल्विस अंघोळ घालीत. कोठडीतील दोघे गरीब सहबंदी त्यांचे कपडे धूत आणि गुडघ्यांना मालिश करीत. त्यांच्यासाठी प्रार्थना करा, असे त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना लिहिले. अनेक गरीब कैद्यांना आपल्यावर कोणता आरोप आहे हे ठाऊक नाही, त्यांनी आरोपपत्र पाहिलेले नाही, ते वर्षानुवर्षे वकिलावाचून पडून आहेत, असेही त्यांनी नोंदविले. आणि त्यांच्या जीवनकथा ऐकणे हाच तेथील आपला आनंद असल्याचे सांगितले. पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे वाक्य या संदर्भात येते. ते एकट्या पक्ष्याच्या मधुर गाण्याविषयी नाही. तेथे गाणे आहे ते एकत्र, समूहस्वराचे. आणि त्या समूहात निरीश्वरवादी आहेत, मुसलमान आहेत, चोरीच्या आरोपातले आहेत. जो सेवेला आला होता त्याची सेवा इतरांनी केली आणि ती त्याने संकोच न धरता घेतली. पौलाचे 'एकमेकांचे दास व्हा' हे म्हणणे यापेक्षा वेगळे काय असते?

पण पौलाची सकाळची मागणीही येथे आहे. पाणी पिण्यासाठी नळी आणि सिपर मिळावा म्हणून त्यांनी ६ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायालयात अर्ज केला. उत्तर देण्यासाठी तपास यंत्रणेने वीस दिवस मागून घेतले आणि २६ तारखेला सांगितले की, ती वस्तू आमच्याजवळ नाही. दोन-अडीचशे रुपयांच्या प्लॅस्टिकच्या पेल्यासाठी सार्वभौम प्रजासत्ताकाला वीस दिवस विचार करावा लागला! देशभरातून लोकांनी सिपर टपालाने धाडले तेव्हा कोठे या प्रकाराची लाज चव्हाट्यावर आली. पुढे त्यांनी जामीन मागितला, नाकारल्यावर उच्च न्यायालयात गेले, आणि मृत्यूच्या काही दिवस आधी, जामीन जवळजवळ अशक्य करून टाकणाऱ्या यूएपीएच्या कलम ४३ ड (५) लाच आव्हान दिले. २१ मे २०२१ रोजी दूरचित्रसंवादाद्वारे ते न्यायमूर्तींसमोर आले. तळोज्याला आलो तेव्हा मी चालत होतो, स्वतः अंघोळ करीत होतो, लिहीत होतो, आता हे सारे एकेक करून संपले, असे त्यांनी सांगितले. सरकारी रुग्णालय त्यांनी नाकारले. आपल्या माणसांत जाता यावे म्हणून अंतरिम जामीन द्या, नाही तर मी येथेच मरेन, ही त्यांची मागणी होती. जो आतून मुक्त आहे त्याला जामिनाची काय गरज, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. त्यांना जामीन हवा होता. तो त्यांचा हक्क आहे असे ते मानीत होते, आणि त्या मागणीत त्यांच्या श्रद्धेला काही उणेपणा आला नाही.

२२ मार्च २०२१ रोजी विशेष न्यायालयाने जामीन नाकारताना जो युक्तिवाद केला तो मुळातून विचार करण्याजोगा आहे. समाजाचे सामूहिक हित अर्जदाराच्या व्यक्तिस्वातंत्र्यापेक्षा वजनदार ठरते, त्यामुळे वार्धक्य वा आजार त्याच्या पथ्यावर पडणार नाही, असा त्याचा आशय होता. योहानाच्या शुभवर्तमानात कयफा हा प्रमुख याजक सहकाऱ्यांना समजावतो की, साऱ्या राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा लोकांसाठी एका माणसाने मरावे हे हिताचे. न्यायाधीशांना कयफाच्या पंक्तीला बसविण्याचा माझा हेतू नाही. ते समोर असलेल्या कठोर कायद्याने बांधलेले होते. पण युक्तिवादाची घडण ओळखीची आहे. सामूहिक हित हा शब्द आपल्याही नित्याच्या वापरातला, आणि म्हणून तो कोणाच्या तोंडी कशासाठी येतो याची आपल्याला अधिक दक्षता हवी. ज्या समूहाचे हित एका चौऱ्याऐंशीच्या उंबरठ्यावरील रुग्णाला कोंडल्यावाचून साधत नाही, तो समूह म्हणजे सत्ताधाऱ्यांची सावली असते.

यातील दोष केवळ एका पक्षाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. यूएपीए १९६७ चा. जामिनाची कोंडी करणारे कलम त्यात २००८ साली, आजच्या विरोधकांच्या राजवटीत घातले गेले. २०१९ च्या दुरुस्तीने व्यक्तीलाच दहशतवादी ठरविण्याची सोय झाली. समाजवादी गोटालाही आपला इतिहास पाहावा लागेल. बंगळूरच्या सेमिनरीत वरिष्ठांच्या आणि विद्यार्थ्यांच्या ताटांतला फरक असह्य होऊन तरुण जॉर्ज फर्नांडिस पाद्री होण्याचे सोडून बाहेर पडले. आणीबाणीत जून १९७६ मध्ये कलकत्त्याच्या एका कॅथीड्रलच्या आवारात ते पकडले गेले आणि त्यांचा बेड्या उंचावलेला हात देशाने पाहिला. त्याच बडोदा डायनामाइट प्रकरणात अडकविलेल्या समाजवादी कलावंत स्नेहलता रेड्डी यांना दम्याचा विकार असताना बंगळूरच्या तुरुंगात आठ महिने कुजविण्यात आले. जानेवारी १९७७ मध्ये सुटका झाल्यावर पाच दिवसांत त्यांचा अंत झाला. स्नेहलता रेड्डींचा मृत्यू ज्यांना आठवतो त्यांना स्टॅन स्वामींचा मृत्यू अपरिचित वाटू नये. आणि तेच जॉर्ज फर्नांडिस, २००२ साली पोटासारखा कायदा झाला तेव्हा त्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री होते, हेही विसरू नये.

चर्चलाही या प्रश्नाने सोडलेले नाही. स्टॅन स्वामींच्या अटकेनंतर अनेक ख्रिस्ती संस्था बोलल्या, पण त्यांच्या हयातीत त्यांचे राजकारण अडचणीचे वाटणारे धार्मिक लोकही थोडे नव्हते. मृत्यूनंतर हुतात्म्याची तसबीर लावणे सोपे असते. तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची आणि ज्या कच्च्या कैद्यांसाठी तो झगडला त्यांचे नावही घ्यायचे नाही, ही जोडी फोडण्याची जुनीच रीत आहे. फरक एवढाच की ती आता आदराच्या पोशाखात आली आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे माजी प्राचार्य फादर फ्रेझर मस्करेन्हस यांनी मात्र तसबिरीवर न थांबता २०२१ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. जामीन नाकारताना केलेले प्रतिकूल निष्कर्ष मृताच्या नावावरून पुसले जावेत, ही त्यातील मागणी. मेलेल्या माणसाला सुटकेचा लाभ नाही. तरी अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावे असे म्हणणाऱ्या पौलाशी या याचिकेचे नाते आहे.

देशातील तुरुंगांत दर चारांपैकी सुमारे तीन माणसे कच्चे कैदी आहेत. तळोज्यात तर मुख्यतः त्यांचाच भरणा. यांतले कित्येक जण असे आहेत की, न्यायालयाने जामीन दिला आहे, पण जामीनदार मिळत नाही. काहींना तारखेला नेण्यासाठी पोलिसांचा गार्डच येत नाही आणि तारीख पुढे जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ तुरुंगात काढला तर, फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि इतर काही अपवाद वगळता, तो जामिनावर सुटण्यास पात्र ठरतो. जुन्या प्रकरणांनाही हे लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले. अशा कैद्यांची यादी तुरुंगाने करावी आणि न्यायालयापुढे ठेवावी अशी अपेक्षा आहे. ती होते की नाही हे विचारायला पनवेल, उरण, कर्जतच्या आपल्या शाखांना कोणाची परवानगी लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, जामीनदार म्हणून उभे राहता येते, घरच्यांना मुलाकातीसाठी मुंबईहून किंवा दूरच्या जिल्ह्यातून यायचे तर एक रात्र मुक्कामाची सोय करता येते. तारा गावी युसूफ मेहेरअली सेंटर याच तालुक्यात काम करीत आहे. माणसे आणि जागा यांचा आपल्याकडे इतका दुष्काळ नाही. पहिली यादी जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी अडकलेल्यांची करावी. ती बहुधा सर्वांत लांब निघेल.